ब्रिटनमधली ऑनर्स पदवी: फर्स्ट, टू-वन, टू-टू कसे ठरतात आणि आपला हिशेब आपण कसा मांडायचा

ब्रिटनमध्ये पदवीसाठी आलेल्या आपल्या मुलामुलींना पहिला धक्का बसतो तो पहिल्या निबंधाचे गुण हातात पडतात तेव्हा. बारावीला नव्वदीच्या घरात असलेल्या मुलीला ६२ मिळतात आणि खाली शिक्षकांचा शेरा असतो, ‘फार चांगलं काम’. घरी फोनवर ६२ सांगायची लाज वाटते आणि शेरा खोटा वाटतो. पण शेरा खरा असतो.

तिथल्या ऑनर्स पदवीचा वर्ग कसा ठरतो हे नव्याने जाणाऱ्यांना पायरीपायरीने कळावं, म्हणून हा लेख. वर्ग तुम्ही किती अभ्यास केला यावर ठरतोच, पण तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीवरही ठरतो. ही नियमावली विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते आणि कुणालाही वाचता येते, तरी बहुतेक विद्यार्थी ती शेवटच्या परीक्षेनंतर उघडतात. ती दुसरं वर्ष सुरू होण्याआधी वाचा. नंतर वाचून उपयोग फार थोडा उरतो.

पायरी १: वर्ग ओळखून घ्या

ऑनर्स पदवीचे चार वर्ग असतात:

- फर्स्ट: ७० आणि त्यावर
- अपर सेकंड, म्हणजे सगळे ज्याला ‘टू-वन’ म्हणतात तो: ६० ते ६९
- लोअर सेकंड, म्हणजे ‘टू-टू’: ५० ते ५९
- थर्ड: ४० ते ४९

वसतिगृहात कुणी ‘मला डेस्मंड मिळाला’ म्हणालं, तर समजा टू-टू मिळाला. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या आडनावावरून विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलं आहे.

ब्रिटनमध्ये ऑनर्स म्हणजे निवडक हुशार मुलांसाठीचा वेगळा अभ्यासक्रम नव्हे. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम ऑनर्सचेच असतात. ऑनर्सला लागतात तेवढी क्रेडिट्स (केलेल्या अभ्यासाचं माप, पायरी ३ पाहा) पूर्ण झाली नाहीत, तर ऑनर्सशिवायची साधी पदवी मिळू शकते. वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक या पदव्यांना सहसा असा वर्ग नसतोच. चार वर्षांचा एकत्रित मास्टर्स, उदाहरणार्थ एमइंजी किंवा एमसाय, ऑनर्ससारखाच वर्ग देतो. मात्र पदवीनंतरच्या एक वर्षाच्या एमएससी-एमएला डिस्टिंक्शन, मेरिट आणि पास अशी वेगळी वर्गवारी असते, आणि तिथे उत्तीर्ण व्हायलाच साधारण ५० लागतात.

केंब्रिजच्या गणितात फर्स्ट मिळवणाऱ्याला आजही रँग्लर म्हणतात. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये तिथे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे त्या वर्षीच्या यादीत सर्वांत वरचे, आणि महाराष्ट्रात जन्मभर ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच ओळखले गेले. गुणानुक्रमे नावं जाहीर करण्याची ती पद्धत १९०९ नंतर बंद झाली. वर्ग मात्र राहिले.

पायरी २: ७० चा अर्थ समजून घ्या

शंभरपैकी गुण देत असले, तरी वरचे तीस सहजासहजी वापरत नाहीत. इतिहास, साहित्य, कायदा, समाजशास्त्र अशा लेखनाच्या विषयांत ७२ म्हणजे उत्कृष्ट, आणि ८० च्या पुढचे गुण क्वचितच दिसतात. गणितात किंवा भौतिकशास्त्रात उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येतं, त्यामुळे तिथे ८५-९० मिळतात, तसंच ३०ही मिळतात. म्हणून इंजिनिअरिंगच्या मित्राचे ८१ आणि तुमचे इतिहासाचे ६६ शेजारी ठेवून दुःख करू नका. दोन्हींची तुलनाच होत नाही.

सगळीकडे टक्केवारी असतेच असंही नाही. ग्लासगो विद्यापीठ २२ गुणांची श्रेणी वापरतं, सेंट अँड्र्यूज २० ची. तुमच्याकडे कोणती आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

प्रत्येक विभागाचे मूल्यमापनाचे निकष लिहिलेले असतात. ते शोधा आणि छापून टेबलासमोर लावा. शब्द विद्यापीठागणिक बदलतात, गाभा सारखाच राहतो. पन्नाशीतलं उत्तर विषय जाणतं आणि त्याचं वर्णन करतं. साठीतलं उत्तर प्रश्नाला धरून एक बाजू मांडतं, पुरावा देतं आणि मुद्दे एका ओळीत आणतं. सत्तरीतलं उत्तर याच्याही पुढे जातं: वर्गात सांगितलं त्यापलीकडचं वाचलेलं असतं, दोन अभ्यासकांमधला मतभेद नेमका कुठे आहे हे ओळखलेलं असतं आणि त्यावर स्वतःचं तर्कशुद्ध मत असतं.

आपली मुलं अडकतात ती पन्नाशी आणि साठीच्या सीमेवर, आणि माझ्या मते यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नाही. आपल्याकडे ‘सविस्तर उत्तर लिहा’ म्हणजे माहीत आहे ते सगळं लिहा, असं वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं असतं. तिथे सगळं लिहिलं की परीक्षक विचारतात, ‘मग तुमचं म्हणणं काय?’ पहिल्या वर्षाच्या प्रत्येक निबंधाच्या शेऱ्यांत हा प्रश्न शोधा. सापडला, तर शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत जा आणि विचारा, ‘हा ५८ चा निबंध ६५ चा व्हायला काय हवं होतं?’ तिथे हा प्रश्न उद्धटपणाचा मानत नाहीत. शिक्षकांना तो आवडतो.

पायरी ३: क्रेडिट्स मोजा

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑनर्स पदवी साधारणपणे तीन वर्षांची आणि ३६० क्रेडिट्सची असते, वर्षाला १२०. स्कॉटलंडमध्ये ती चार वर्षांची, ४८० क्रेडिट्सची. एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे २० क्रेडिट्सच्या मॉड्यूलला (एका विषयघटकाला) २०० तास. त्यात वर्गातले तास थोडे, स्वतःचं वाचन आणि लेखन जास्त. वेळापत्रकात आठवड्याला दहाच तास दिसले, म्हणून अंशकालीन नोकरीचे तास वाढवत नेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

वर्ग काढताना मॉड्यूलचं वजन त्याच्या क्रेडिट्सएवढं असतं. ४० क्रेडिट्सचं डिझर्टेशन, म्हणजे शेवटच्या वर्षी लिहायचा दीर्घ प्रबंध, हे २० च्या मॉड्यूलच्या दुप्पट जड.

पायरी ४: कोणतं वर्ष किती मोजतात ते शोधा

बहुतेक ठिकाणी पहिलं वर्ष अंतिम वर्गात धरत नाहीत, ते फक्त उत्तीर्ण व्हावं लागतं. दुसरं आणि तिसरं वर्ष मोजतात, पण कोणत्या प्रमाणात ते प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं. कुठे एकास दोन, कुठे एकास तीन, कुठे ४० टक्के आणि ६० टक्के. ऑक्सफर्डमध्ये अनेक विषयांत शेवटच्या ‘फायनल्स’ परीक्षांवरच वर्ग ठरतो.

पहिलं वर्ष मोजत नाहीत हे कळलं की काहीजण ते सैल सोडतात. असं करू नका. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी अर्ज करताना हातात पहिल्या वर्षाचेच गुण असतात, आणि निबंध लिहायला शिकण्यासाठी चुका परवडणारं ते एकमेव वर्ष असतं.

पायरी ५: हिशेब स्वतः करा

कागद घ्या. समजा, एका विद्यार्थिनीची दुसऱ्या वर्षी २० क्रेडिट्सची सहा मॉड्यूल्स आहेत: ५२, ५५, ६१, ५८, ४९, ६१. बेरीज ३३६, सरासरी ५६. तिसऱ्या वर्षी ४० क्रेडिट्सच्या डिझर्टेशनला ६८, आणि २० क्रेडिट्सच्या चार मॉड्यूल्सना ६१, ५७, ६४, ६०. आता वजन लावा: ६८ गुणिले ४० म्हणजे २७२०. चार मॉड्यूल्सची बेरीज २४२, गुणिले २० म्हणजे ४८४०. एकूण ७५६०, भागिले १२०. तिसऱ्या वर्षाची सरासरी ६३.

हेच गुण आता वेगवेगळ्या नियमांत घालून पाहू.

- दोन्ही वर्षं समसमान: ५९.५
- ४० टक्के आणि ६० टक्के: ६०.२
- एकास दोन: ६०.६७
- एकास तीन: ६१.२५

मुलगी तीच, गुणपत्रिका तीच. एका नियमात ती टू-टूच्या काठावर आहे, बाकीच्या तीन नियमांत टू-वन. शिवाय काही विद्यापीठं सर्वांत कमी गुणांचं एखादं मॉड्यूल हिशेबातून वगळतात, तिथे तिचे ते ४९ गळून पडतील. नियमावली वाचा, असं मी पुन्हापुन्हा का म्हणतो ते यावरून कळेल.

आता हाच हिशेब उलटा करा, कारण खरा उपयोग तिथेच आहे. दुसरं वर्ष संपलं, सरासरी ५६ आली, नियम एकास दोन. टू-वनसाठी एकूण ६० हवेत, म्हणजे तिप्पट करून १८०. त्यातून ५६ वजा केले की १२४ उरतात, त्याचे निम्मे ६२. तिसऱ्या वर्षी सरासरी ६२ आणली की काम झालं, आणि हे अगदी आवाक्यातलं आहे. फर्स्टसाठी मात्र २१० मधून ५६ वजा करून १५४, निम्मे ७७. लेखनाच्या विषयात वर्षभर ७७ ची सरासरी राखणं फार कठीण. हे आधी कळलं की माणूस उगाच खचतही नाही आणि उगाच गाफीलही राहत नाही.

डिझर्टेशनकडे वेगळं लक्ष द्या. वरच्या उदाहरणात त्याला ६८ ऐवजी ५६ मिळाले असते, तर तिसऱ्या वर्षाची सरासरी ५९ झाली असती आणि एकास दोनच्या नियमात एकूण ५८. एका कामाने टू-वनचा टू-टू. विषय सुट्टीतच नक्की करा, मार्गदर्शकांच्या ठरलेल्या भेटींपैकी एकही चुकवू नका आणि पहिला मसुदा कच्चा असला तरी वेळेवर दाखवा. पुष्कळ ठिकाणी मार्गदर्शक एखाद-दुसरंच प्रकरण वाचून देऊ शकतात. ती संधी सर्वांत अवघड प्रकरणासाठी राखून ठेवा.

पायरी ६: काठावरचे नियम

५९.५ वाल्या मुलीचं काय होतं? काही विद्यापीठं पूर्णांकात रूपांतर करून ६० धरतात. काही ठिकाणी सीमेच्या खाली दोन गुणांपर्यंतचा टापू ‘बॉर्डरलाइन’ मानतात आणि पाहतात, की निम्मी किंवा त्याहून जास्त क्रेडिट्स वरच्या वर्गातली आहेत का. तिची तिसऱ्या वर्षातली १२० पैकी १०० क्रेडिट्स साठीत किंवा त्यावर आहेत, दोन्ही वर्षं धरून २४० पैकी १४०. अशा नियमात तिला टू-वन मिळतो. काही ठिकाणी असा कोणताही नियम नसतो आणि ५९.४ म्हणजे टू-टूच. दयेचा अर्ज करून काही होत नाही, कारण परीक्षा मंडळाला नियमाबाहेर जाता येत नाही.

पायरी ७: नापास झालात तर

उत्तीर्ण व्हायला ४० लागतात. एखाद्या मॉड्यूलला थोडक्यात कमी पडलात आणि बाकीची कामगिरी बरी असेल, तर काही ठिकाणी ‘कॉम्पेन्सेशन’ देऊन क्रेडिट्स दिली जातात. पण ठरावीक क्रेडिट्सपर्यंतच, आणि अनिवार्य मॉड्यूल्सना सहसा नाही.

नाहीतर रीसिट, म्हणजे पुन्हा परीक्षा. इथे नव्या लोकांना न कळणारी गोष्ट अशी, की रीसिटचे गुण बहुतेक ठिकाणी ४० वर रोखतात. तुम्ही ७२ मिळवलेत तरी नोंद ४०. वरच्याच मुलीने दुसऱ्या वर्षी ६१ वाल्या एका मॉड्यूलला रीसिट दिली असती, तर तिथे ४० धरून वर्षाची सरासरी ५२.५ झाली असती, आणि एकास दोनच्या नियमात एकूण ५९.५. उशिरा काम दिल्याचीही किंमत मोजावी लागते. दिवसाला ठरावीक गुण कापत जातात आणि काही दिवसांनी थेट शून्य देतात. रात्री उशिरापर्यंत निबंध सुधारत बसून मुदत चुकवण्यापेक्षा थोडा अपुरा निबंध वेळेवर दिलेला बरा. आणि वर्ष पुन्हा करण्याची वेळ आली, तर व्हिसावर काय परिणाम होईल हे निर्णय घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

पायरी ८: आजारपण, घरचं संकट, आणि गप्प न बसणं

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

आजारी पडलात, घरी कुणी गेलं, मन खचून अभ्यास होईनासा झाला, तर त्यासाठी अधिकृत वाट असते. नाव कुठे ‘एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टान्सेस’, कुठे ‘मिटिगेटिंग सर्कमस्टान्सेस’. अर्ज करायचा, पुरावा जोडायचा: डॉक्टरांचं पत्र, मृत्यूचा दाखला, जे असेल ते. मंजूर झालं, तर गुण वाढवून मिळतात असं सहसा नसतं. मुदत वाढवून मिळते, किंवा परीक्षा पुन्हा पहिल्यांदा दिल्यासारखी देता येते, ४० ची मर्यादा न लागता. वर रीसिटचा हिशेब पाहिलात, त्यावरून या सवलतीचं मोल कळेल.

पुष्कळ विद्यापीठांत असा नियम असतो, की परीक्षेला बसलात म्हणजे मी परीक्षा द्यायला समर्थ आहे असं तुम्हीच जाहीर केलंत. तापात परीक्षा दिली, पेपर बिघडला आणि मग अर्ज केला, तर तो बहुधा नाकारला जातो. म्हणून अर्ज आधी करा.

आपल्याकडच्या मुलांना हे जड जातं. घरची गोष्ट परक्यांना कशाला सांगायची, आजोबा गेल्याचा दाखला विद्यापीठाला कसा दाखवायचा, आपण कमकुवत वाटू का, असे विचार मनात येतात. मी मनापासून सांगतो, की तिथे याकडे कुणी कमीपणाने पाहत नाही. अर्ज गोपनीय राहतो, मोजके लोक तो वाचतात. पर्सनल ट्यूटर, म्हणजे तुमच्या अडचणी ऐकून घेणारा शिक्षक, नेमलेला असतो तो याच कामासाठी. डिस्लेक्सिया, दीर्घकाळचा आजार किंवा अपंगत्व असेल, तर दिव्यांग साहाय्य विभागात पहिल्याच महिन्यात नोंद करा. परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, पण व्यवस्था लागायला आठवडे जातात. आईवडिलांनाही माझी विनंती आहे. घरी काही घडलं, तर ‘परीक्षा होईपर्यंत तिला सांगू नका’ असं ठरवताना, तिला सांगितलं तर तिच्यासाठी कोणत्या सवलती उपलब्ध आहेत, याचाही विचार करा.

पायरी ९: निकाल आणि अपील

वर्षभर मिळतात ते गुण तात्पुरते असतात. परीक्षा मंडळाने शिक्कामोर्तब केल्यावरच ते पक्के होतात. उत्तरपत्रिका शक्य तिथे नाव झाकून तपासतात, त्यांतल्या काहींवर दुसरा परीक्षक नजर टाकतो, आणि दुसऱ्या विद्यापीठातला एक्स्टर्नल एक्झामिनर एकूण दर्जा राखला जातोय का ते पाहतो. व्यवस्था निर्दोष नाही, पण एकाच माणसाच्या लहरीवर वर्ग ठरत नाही.

अपील करता येतं, पण ‘मला जास्त गुण मिळायला हवे होते’ या कारणावर नाही. परीक्षकाच्या शैक्षणिक निर्णयाला आव्हान देता येत नाही. प्रक्रियेत चूक झाली, पक्षपात झाला, किंवा योग्य कारणाने आधी सांगता न आलेली अडचण होती, अशी कारणं चालतात. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारीख पाहा आणि विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जा. ते विद्यापीठापासून स्वतंत्र असतं आणि पैसे घेत नाही.

विद्यापीठातले सगळे मार्ग संपले, की ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स’ हे पत्र मिळतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या पत्रानंतर १२ महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅज्युडिकेटर या संस्थेकडे विनामूल्य तक्रार करता येते. तीही गुण बदलत नाही, नियम पाळले गेले का आणि वागणूक न्याय्य होती का हे पाहते. स्कॉटलंडमध्ये हे काम तिथल्या सार्वजनिक सेवा लोकपालाकडे आहे.

पायरी १०: वर्ग नेमका कुठे लागतो

चांगल्या मास्टर्स अभ्यासक्रमांना सहसा टू-वन मागतात, काही ठिकाणी टू-टू चालतो. सरकारी निधीच्या पीएचडीसाठी सहसा फर्स्ट किंवा टू-वन लागतो, किंवा टू-टूवर मास्टर्सची भर. नोकऱ्यांत ‘किमान टू-वन’ ही अट बरीच वर्षं सर्रास होती, आता ती सैल होत आहे. ईवाय आणि पीडब्ल्यूसी या बड्या लेखा-सल्ला कंपन्यांपैकी ईवायने २०१५ मध्ये ती काढली, पीडब्ल्यूसीने २०२२ मध्ये. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी पदवी पूर्ण झालेली असावी लागते, वर्ग विचारत नाहीत.

इंग्लंडमध्ये २०१०-११ मध्ये साधारण १६ टक्के विद्यार्थ्यांना फर्स्ट मिळत होता. महासाथीच्या काळात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं, नंतर थोडं खाली आलं. त्यामुळे नुसत्या वर्गावर विसंबणं कंपन्यांना अवघड झालं आहे. वर्गवारीची ही पद्धत अपुरी आहे, असं २००७ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांसाठी केलेल्या बर्जेस अहवालानेही म्हटलं होतं. त्यातून एचईएआर हा सविस्तर अहवाल आला. त्यात मॉड्यूलवार गुणांबरोबर विद्यापीठाने पडताळलेली तुमची इतर कामंही नोंदवलेली असतात. तुमचं विद्यापीठ तो देत असेल, तर वर्गप्रतिनिधी होणं किंवा नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणं यांची नोंद वेळच्या वेळी करून घ्या. टू-टू मिळालेल्याला तर हा अहवाल आणि डिझर्टेशनचे चांगले गुण अर्जात फार उपयोगी पडतात. मुलाखतीत टू-टू लपवू नका, कारण नोकरी देणारे पदवीची पडताळणी हेड या अधिकृत सेवेतून करू शकतात.

पदवी मिळाल्यावर ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेच्या, जादा प्रती तेव्हाच मागवून ठेवा. आणि शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या नोंदीतलं आपलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलंय की आडनावात मिसळलंय, हा घोळ मराठी नावांत हमखास होतो, आणि प्रमाणपत्र छापून झाल्यावर तो निस्तरणं जिकिरीचं असतं.